गालिचा उलटा केला तेव्हा: एका घराची निवड

ताईच्या बैठकीच्या खोलीतला गालिचा मी पहिल्यांदा उलटा केला, तेव्हा मागं गाठी नव्हत्याच. जाडसर पांढरं कापड चिकटवलेलं होतं. कोपऱ्यातून ते जरा सोडवलं तर पिवळट भुकटी फरशीवर सांडली.

"हीच ती धूळ," ताई म्हणाली. "रोज झाडते, रोज येते."

गालिचा घेऊन आठ महिने झाले होते. पावतीवर लिहिलं होतं : हातानं बनवलेला, शुद्ध लोकर, ओरिएंटल नक्षी. गंमत अशी की तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. हा टफ्टेड गालिचा. चौकटीवर कापड ताणायचं, हातात धरलेल्या बंदुकीसारख्या यंत्रानं त्यात लोकर टोचत जायची, ती सुटू नये म्हणून मागून लेटेक्सचा लेप द्यायचा आणि लेप झाकायला वर दुसरं कापड डकवायचं. यंत्र हातात धरलेलं, म्हणून 'हातानं बनवलेला'. लेटेक्स जुनं होत गेलं की भुसभुशीत होतं आणि खालून गळू लागतं. ताईच्या गालिच्यात ते जरा लवकरच झालं. झालरही दोन्ही टोकांना वेगळी शिवलेली निघाली. टफ्टेड गालिचा ही काही टाकाऊ वस्तू नाही, चार-पाच वर्षं वापरून काढून टाकायचा असेल तर चालतो. पण आपण तेच घेतोय हे घेणाऱ्याला कळायला हवं. विक्रेत्यानं परत घ्यायला नकार दिला, आणि कागदोपत्री त्याचं काही चुकलेलंही नव्हतं.

एका दुरुस्ती कारागिराशेजारी बसून मी काही वर्षं गालिच्यांच्या कडा शिवायला आणि रफू करायला शिकले आहे. त्यामुळे दुसऱ्या खेपेला निवड करायला मला बोलावणं आलं. पुढं जे झालं ते सगळं इथं लिहिते आहे, माझ्या चुकलेल्या अंदाजासकट.

घर आणि त्यातले पाय

खोली साडेपाच मीटर लांब, चार मीटर रुंद. फरशी गुळगुळीत. पश्चिमेला मोठी खिडकी, त्यामुळे दुपारनंतर खोलीच्या एका बाजूवर चांगले तीन तास ऊन. घरात ताई, दाजी, सात वर्षांचा भाचा, एक केसाळ कुत्रा आणि दाजींच्या आई. त्यांना आम्ही सगळेच आजी म्हणतो. आजी काठी घेऊन चालतात, आणि त्यांच्या खोलीतून दारापर्यंतचा रस्ता बैठकीतूनच जातो.

प्रत्येकाला काय हवं ते विचारलं. ताईला लाल हवा होता, पण भडक नको, आणि मळखाऊ हवा. दाजींनी फोनवर बरंच वाचून ठेवलं होतं. त्यांना चौरस इंचाला तीनशेच्या वर गाठी हव्या होत्या, त्याखाली बोलणंच नाही. आजी म्हणाल्या, "मला कशाला विचारता? मी पडले नाही म्हणजे झालं." हे वाक्य मी त्या दिवशी हसण्यावारी नेलं. शेवटी निम्मे गालिचे त्याच वाक्यानं बाद केले.

पहिलं काम मापाचं, आणि ते दुकानात करायचं नसतं. जुनी वर्तमानपत्रं चिकटपट्टीनं जोडून आम्ही अडीच बाय साडेतीन मीटरचा कागदी गालिचा अंथरला. सोफ्याचे पुढचे दोन पाय त्यावर, मागचे फरशीवर. लांबीच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर आणि रुंदीच्या बाजूंना पाऊण मीटर फरशी मोकळी राहत होती. तो कागद आम्ही दोन दिवस तसाच ठेवला. आजींचा रस्ता गालिच्याची एक कड तिरकी ओलांडून जातो, हे त्या दोन दिवसांत दिसलं. कागद पाऊण फूट सरकवला तेव्हा त्यांची वाट एक तर पूर्ण गालिच्यावरून किंवा पूर्ण फरशीवरून जाऊ लागली. काठी अडखळते ती कडेवर.

आधीचा गालिचा दीड बाय दोन मीटरचा होता आणि खोलीच्या मध्ये टपाल तिकिटासारखा दिसायचा. हातानं विणलेल्या गालिच्यांची मापं कारखान्याच्या मापांशी जुळतीलच असं नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं. इराणी व्यापारात अजून 'झर' हे जुनं माप बोललं जातं, साधारण १०४ सेंटिमीटरचं. दोझर म्हणजे दोन झर लांबीचा, सुमारे १३० बाय २०० सेंटिमीटरचा. झरोनीम म्हणजे दीड झर. केनारे म्हणजे लांबट, जिन्याजवळ किंवा बोळात घालायचा. आम्हाला हवा होता तो यांच्याहून मोठा, 'काली' म्हणतात त्या वर्गातला.

दाजींचा आकडा

आता गाठींबद्दल. दाजींची समजूत अगदीच चुकीची नव्हती, म्हणूनच ती सोडवायला वेळ लागला.

गालिचा म्हणजे उभ्या धाग्यांचा ताणा, त्यात ओळीनं मारलेल्या लोकरीच्या गाठी आणि प्रत्येक ओळीनंतर दाबून बसवलेला आडवा बाणा. गाठ दोन प्रकारची. तुर्की गाठीत लोकर दोन्ही उभ्या धाग्यांना वेढा घालून दोघांच्या मधून वर येते. फारसी गाठीत ती एका धाग्याला पूर्ण वेढते आणि दुसऱ्याच्या नुसती मागून जाते. फारसी गाठीला व्यापारात सेन्ने गाठ म्हणतात, आणि खुद्द सेन्ने म्हणजे इराणमधल्या आजच्या सनंदजचे विणकर मात्र तुर्की गाठ मारतात! नावांवर विसंबू नये याचं एवढं सोपं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. बारीक वळणदार वेलबुट्टी काढायची तर गाठी दाट लागतात, हे खरं. भौमितिक नक्षीला त्यांची तितकी गरज नसते. म्हणजे आकडा नक्षीशी बांधलेला असतो. टिकाऊपणाशी त्याचं नातं बरंच सैल आहे.

शिवाय आकडा मोजायचा कसा? पहिल्याच दुकानात दाजींनी बुखारा नक्षीचा एक गालिचा उलटा करून पट्टी लावली आणि मागचे ठिपके मोजून खुश झाले. मी त्यांना थांबवलं. ताण्याचे दोन धागे एकाच पातळीत असले की एक गाठ मागून दोन ठिपक्यांसारखी दिसते. एक धागा दुसऱ्याच्या मागं दाबलेला असला तर एकच ठिपका दिसतो. रंग बदलतो तिथं पाहिलं तर ठिपके नेहमी जोडीनं बदलत होते. म्हणजे दाजींचा आकडा निम्मा करायचा. "मग दुकानदारानं सांगितलेला?" तोही निम्माच.

आणखी एक लबाडी जुफ्ती गाठीची. दोन धाग्यांऐवजी चार धाग्यांवर एक गाठ मारली की विणकाम भराभर होतं आणि लव, म्हणजे वर उभी राहणारी लोकर, विरळ पडते. एकरंगी जागेत ती सहज लपते. इराणच्या तब्रिझमध्ये 'रज' मोजतात, म्हणजे साधारण सात सेंटिमीटर रुंदीत किती गाठी. पन्नास रज म्हणजे चौरस सेंटिमीटरला एक्कावन्नच्या आसपास.

तुलनेला मी दाजींना दोन नावं सांगितली. सैबेरियातल्या अल्ताई डोंगरात पाझिरिक इथं गोठलेल्या थडग्यात १९४९ मध्ये सापडलेला गालिचा सुमारे चोवीसशे वर्षांचा. चौरस सेंटिमीटरला सुमारे ३६ गाठी, तुर्की पद्धतीच्या. आणि लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातला अर्दबिल गालिचा, ज्याच्यावर हिजरी ९४६, म्हणजे इसवी सन १५३९-४० असं साल विणलेलं आहे. त्यात सुमारे ५३ गाठी, म्हणजे चौरस इंचाला ३४०. दाजींना बैठकीत कुत्र्याच्या पायाखाली अर्दबिलच्या तोडीची वीण हवी होती. हे त्यांना असं सांगितल्यावर ते स्वतःच हसले, पण आकडा काही सोडला नाही.

पाहिलेले गालिचे

दोन आठवड्यांत सतरा-अठरा पाहिले. सहांवर खरी चर्चा झाली.

पहिला दाजींचा लाडका. काश्मिरी विणीचा, लोकर आणि रेशीम, हस्तिदंती जमिनीवर, म्हणजे नक्षीमागच्या रंगावर, निळं पदक, म्हणजे मधली मोठी आकृती. पाच सेंटिमीटरच्या चौकोनात दोन्हीकडून छत्तीस-छत्तीस गाठी, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जवळजवळ ५२. आकडा खरा निघाला. काश्मीरमध्ये नक्षी 'तालीम' नावाच्या सांकेतिक लिपीत लिहितात आणि एकजण ती वाचत असताना विणकर गाठी मारतात, हे दुकानदारानं रंगवून सांगितलं आणि तेही खरं होतं. वस्तू उत्तम, घर चुकीचं. लव अगदी आखूड, जमीन फिकट, पश्चिमेचं ऊन, कुत्र्याची नखं. भिंतीवर टांगला असता तर मी एक शब्द बोलले नसते.

दुसऱ्याला दुकानात 'बांबू सिल्क' म्हणत होते. चकाकी भरपूर. परवानगी घेऊन लवेचा एक धागा जाळून पाहिला तर जळक्या कागदाचा वास आला. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. हा व्हिस्कोस, म्हणजे वनस्पतीच्या लगद्यापासून कारखान्यात बनवलेला धागा, आणि त्यावर पाणी सांडलं की डाग पिवळट राहतो. यावर अधिक वेळ घालवला नाही.

तिसरा तो बुखारा. गडद लाल जमीन, ओळीनं अष्टकोनी 'गुल'. ही नक्षी मुळात तुर्कमेन टोळ्यांची. बुखारा हे त्यांची बाजारपेठ असलेलं शहर, आणि आता अशा नक्षीचे गालिचे पाकिस्तानात मोठ्या संख्येनं विणले जातात. ताईचा जीव याच्यावर जडला. स्पर्श लोण्यासारखा. मला तो स्पर्शच खटकला. पांढरा रुमाल ओला करून लाल भागावर अर्धा मिनिट दाबून धरला तर रुमाल गुलाबी झाला. रंग पक्का बसलेला नव्हता, आणि मऊपणा व चकाकी बहुधा रासायनिक धुलाईची होती. अशा धुलाईनं लोकरीचं वरचं आवरण झिजतं आणि धागा लवकर तुटतो. ताई दिवसभर नाराज होती.

चौथा गब्बे. दक्षिण इराणच्या कश्काई टोळ्यांमध्ये विणतात तसा, जाड आणि उबदार, मोकळ्या मैदानात चार शेळ्या उभ्या असल्यासारखी नक्षी. भाच्याला तो लगेच पसंत पडला. मलाही. घरून आजींना आणलं होतं, त्यांना म्हटलं जरा चालून दाखवा. काठीचं टोक दोन सेंटिमीटर लवेत रुतलं आणि त्या दचकल्या. गब्बे बाद.

मग मला वाटलं की पातळ हवा, म्हणून किलीम सुचवला. लव नसलेली सपाट वीण, आपल्या सतरंजीच्या जवळची. हा माझा चुकलेला अंदाज. घरी आणून अंथरला तर गुळगुळीत फरशीवर कुत्रा धावताच त्याच्या लाटा झाल्या. आजींच्या काठीसाठी जाड जेवढा वाईट, तेवढाच चुण्या पडणारा पातळ वाईट. खाली रबरी थर घालूनही कडा वर यायच्या. तीन दिवसांनी परत केला.

मधल्या काळात ताईनं विचारलं, "हे कोणी विणले असतील गं? लहान मुलांनी तर नाही?" प्रश्न रास्त आहे. नव्या गालिच्याबाबतीत निदान विचारता येतं. १९९४ मध्ये रगमार्क या नावानं सुरू झालेली आणि आता गुडवीव म्हणून ओळखली जाणारी योजना बालमजुरीशिवाय विणलेल्या गालिच्यांना क्रमांक असलेलं लेबल देते. जुन्या गालिच्याला असं काही विचारता येत नाही. ताईला मी एवढंच सांगितलं. पुढचा निर्णय तिचा.

हेरिझ

सहावा कोपऱ्यात गुंडाळून उभा होता. दुकानदारानं स्वतःहून दाखवला नाही. वायव्य इराणमध्ये सबलान डोंगराच्या परिसरात हेरिझ आणि आसपासच्या गावांत विणतात त्या जातीचा. विटकरी लाल जमीन, गडद निळे कोपरे, मध्ये कोनाकोनांचं मोठं पदक. वेलीसुद्धा पट्टीनं आखल्यासारख्या. २३५ बाय ३२० सेंटिमीटर, म्हणजे आमच्या कागदापेक्षा जरा लहान.

पाच सेंटिमीटरमध्ये आडव्या सतरा, उभ्या सोळा गाठी. चौरस इंचाला सत्तर. दाजींचा चेहरा पडला. "याच्यापेक्षा चौपट-पाचपट दाट तो काश्मिरी."

हिशेब मांडून दाखवला. साडेसात चौरस मीटरमध्ये याच्या सव्वाआठ लाखांच्या आसपास गाठी. एका विणकराच्या दिवसाला आठ हजार धरल्या तर शंभरेक दिवस. काश्मिरी या मापाचा असता तर सुमारे एकोणचाळीस लाख गाठी, म्हणजे त्याच हिशेबानं पावणेपाचशे दिवसांच्या पुढं. त्या जादा दिवसांचे पैसे बारीक नक्षीसाठी मोजायचे असतात. हेरिझच्या नक्षीला ती बारकाई नकोच आहे. तिथं जाड सुती ताणा, घट्ट ठोकलेला बाणा आणि राठ, चिवट लोकर यांनी काम भागतं. पावलांखाली तो सहज दबत नाही. आजी त्याच्यावरून गेल्या, काठी टकटक वाजली, रुतली नाही. त्यांनी मान डोलावली. लव आठ मिलिमीटरच्या आतबाहेर.

दुकानदार म्हणाला, शंभर वर्षांचा. मी त्या वाक्याला किंमत दिली नाही. गालिच्यावर साल विणलेलं असलं तरी दोन-चार गाठी बदलून ते मागं नेलेलं असू शकतं, आणि यावर तर सालच नव्हतं. जे दिसतं त्याचेच पैसे द्यायचे असं ठरवून तपासायला बसले.

आधी मागची बाजू. नक्षी पुढच्याइतकीच स्वच्छ, गाठी किंचित वेड्यावाकड्या, झालर म्हणजे ताण्याचीच टोकं. मग चार ठिकाणी दुमडून कान लावला. सुती ताणा आतून कुजला असेल तर दुमडताना कडकड आवाज येतो. आला नाही. लव बोटांनी फाकवून मुळाशी पाहिलं. टोकाला आणि मुळाला जवळजवळ एकच लाल, म्हणजे उन्हानं फारसा उतरलेला नव्हता. ओल्या रुमालावर काही नाही. विटलेल्या जागी रंग चोपडलेला असला तर तो कोरड्या कापडालाही लागतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या बाजारासाठी कित्येक सारूक, म्हणजे इराणमधल्याच एका जातीचे, गालिचे आधी फिकट करून मग हातानं रंगवले होते, तेव्हा ही शंका केवळ माझी खोड नाही.

लाल जमिनीत मध्येच फिकट विटकरी पट्टा होता. ताईला तो डाग वाटला. त्याला 'अब्रश' म्हणतात. लोकरीचा एक घाणा संपला, पुढचा रंगवताना मंजिष्ठेची मुळं किंवा पाणी किंवा वेळ जरा बदलली की छटा बदलते. मंजिष्ठेचा लाल, निळीचा निळा, डाळिंबाच्या सालीचा पिवळा, अक्रोडाच्या टरफलांचा तपकिरी, ही जुनी पेटी. १८५६ मध्ये पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं पहिला कृत्रिम रंग बनवला आणि पुढच्या काही दशकांत स्वस्त रंग विणकरांच्या गावांतही पोचले. त्यातले सुरुवातीचे भुरकन उडायचे. नंतरचे क्रोम रंग मात्र पक्के आहेत. त्यामुळे 'वनस्पतीचा रंग' या दोन शब्दांनी भारावून जायचं कारण नाही, आणि ओला रुमाल सगळ्यांना लावायचा. या गालिच्यात कुठला रंग होता हे प्रयोगशाळेशिवाय मी छातीठोकपणे सांगणार नाही. टिकलेला होता, एवढं दिसत होतं.

दोष तीन सापडले. एका टोकाला तळहाताएवढं जुनं रफू, लोकर जराशी वेगळी. एका लांब कडेची शिवण सुटायला आलेली. आणि दोन टोकांच्या रुंदीत पाच सेंटिमीटरचा फरक. शेवटचा दाजींना सहन होईना. मागावर ताण्याचा ताण महिनोन्महिने एकसारखा राहत नाही, त्यामुळे एवढा फरक येतोच. मला त्यापेक्षा महत्त्वाचं होतं ते गालिचा सपाट पडतो की नाही. पडत होता. शिवण आणि रफू दाखवून दुकानदाराकडून सूट घेतली आणि चार दिवस घरी ठेवून बघण्याची मुभाही.

घरी

घरी अंथरला आणि ताई म्हणाली, हा तो नव्हेच. दुकानात उजळ दिसलेला लाल आता काळपट. लव एका दिशेला झुकलेली असते. त्या दिशेनं पाहिलं की रंग हलका दिसतो आणि उलट बाजूनं खोल. आम्ही तो १८० अंशांनी फिरवला, आणि दारातून येणाऱ्याला हवा तो लाल दिसू लागला. ठेवला.

खाली नमदा आणि रबर यांचा एकत्र थर, गालिच्यापेक्षा चारी बाजूंनी तीन सेंटिमीटर आत कापलेला. पीव्हीसीचा थर स्वस्त मिळत होता, पण तो फरशीला किंवा लाकडाला चिकटून डाग पाडू शकतो. व्हॅक्युम नुसत्या ओढीचा, फिरणारा ब्रश बंद, आणि झालरीवर कधीच नाही. दर सहा महिन्यांनी दिशा बदलायची, नाहीतर खिडकीकडची बाजू आधी उतरेल.

चौदा महिन्यांनी ताईचा पुन्हा फोन. सोफा पुढं ओढला तेव्हा त्याच्या पायांमागं, गालिच्याच्या कडेला, नाण्याएवढ्या दोन जागी लव गेलेली. कसर, म्हणजे लोकर खाणारी कीड. त्या किडीला अंधार आणि शांतता हवी असते, आणि सोफ्याखाली कुणी झाडत नव्हतं. दिशाही एकदाच बदलली होती. गालिचा बाहेर नेऊन दोन्ही बाजूंनी ब्रश केला, मागची बाजू उन्हात तापवली, आणि मग लोकर धुणाऱ्या जाणकाराकडे पाठवला. परत आला तेव्हा रंग जागेवर होता. दाजींनी स्वतः ओला रुमाल लावून पाहिला.

गेलेल्या लवेच्या जागी मी गाठी मारून दिल्या, ऐंशीच्या आसपास. छटा पूर्ण जुळली नाही, जवळून पाहिलं तर कळतं. सुटायला आलेली लांब कड मात्र अजून शिवायची आहे. तेवढी लोकर रंगवून यायला वेळ आहे, तोवर ती बाजू भिंतीकडे फिरवून ठेवली आहे, आजींच्या वाटेपासून लांब.